टायटॅनिकचा एक तक्ता आणि काय-वर्ग चाचणी

शिक्षणशास्त्र, समाजकार्य, वाणिज्य किंवा ग्रंथालयशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयाचा मराठी प्रबंध उघडला, तर माहितीच्या विश्लेषणाच्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटते: प्राप्त काय-वर्ग (chi-square) मूल्य सारणी मूल्यापेक्षा जास्त असल्याने ०.०५ सार्थकता स्तरावर शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे. बहुतेक वेळा हे वाक्य बरोबर असते, आकडेमोडही बरोबर असते आणि लगेच पुढचा तक्ता सुरू होतो. संख्याशास्त्र शिकवताना मला याच जागी थांबावेसे वाटते, कारण खरे काम या वाक्यानंतर सुरू होते. दोन गुणात्मक चलांचा, म्हणजे माणसांना गटांत विभागणाऱ्या दोन गुणधर्मांचा, परस्परांशी संबंध आहे का, या प्रश्नाला काय-वर्ग चाचणी फार नेमके उत्तर देते. मात्र ते उत्तर नेमक्या कोणत्या प्रश्नाचे आहे हे ध्यानात ठेवले नाही, तर 'संबंध आहे' आणि 'संबंध नाही' हे दोन्ही निष्कर्ष आपल्याला चकवू शकतात. हे दाखवण्यासाठी मी शंभराहून अधिक वर्षे सर्वांसमोर असलेला, हाताने सोडवता येईल इतका लहान आणि तरीही आत बरेच काही दडलेला एक तक्ता घेते.

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिक उत्तर अटलांटिक महासागरात बुडाली. ब्रिटनमध्ये लॉर्ड मर्सी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि त्याच वर्षीच्या जुलैअखेरीस तिचा अहवाल आला. जहाजावर २,२०१ माणसे होती आणि त्यांतली ७११ वाचली, असे त्या अहवालात नोंदलेले आहे. नंतरच्या संशोधकांनी प्रवाशांच्या याद्या तपासून काही आकडे दुरुस्त केले आहेत, पण संख्याशास्त्राच्या वर्गांत आजही अहवालातलीच मोजणी वापरली जाते आणि मीही तीच वापरते आहे.

वर्ग | वाचले | मृत | एकूण
पहिला | २०३ | १२२ | ३२५
दुसरा | ११८ | १६७ | २८५
तिसरा | १७८ | ५२८ | ७०६
कर्मचारी | २१२ | ६७३ | ८८५
एकूण | ७११ | १,४९० | २,२०१

पहिल्या वर्गातले ६२ टक्के, दुसऱ्या वर्गातले ४१ टक्के, तिसऱ्या वर्गातले २५ टक्के आणि कर्मचाऱ्यांपैकी २४ टक्के लोक वाचले. असे आकडे समोर असताना चाचणी कशाला हवी, असे कोणालाही वाटेल आणि या तक्त्यापुरते ते रास्तही आहे. पण गणित कसे चालते हे समजून घ्यायला उत्तर आधीच दिसत असलेले उदाहरण सोयीचे पडते, आणि ज्या तुलनेत उत्तर मुळीच दिसत नाही ती याच तक्त्यात पुढे यायची आहे.

शून्य परिकल्पना अशी की माणूस कोणत्या वर्गातला होता याचा त्याच्या वाचण्याशी काहीही संबंध नव्हता. कल्पना करावी की २,२०१ चिठ्ठ्या केल्या आहेत, त्यांतल्या ७११ चिठ्ठ्यांवर 'वाचला' आणि उरलेल्या १,४९० चिठ्ठ्यांवर 'बुडाला' असे लिहिले आहे, आणि त्या चांगल्या ढवळून, समोरचा माणूस कोण आहे हे न पाहता, प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवली आहे. तसे असते तर प्रत्येक वर्गात वाचणाऱ्यांचे प्रमाण साधारण ३२.३ टक्केच राहिले असते. म्हणजे पहिल्या वर्गातल्या ३२५ पैकी सुमारे १०५, दुसऱ्यातल्या २८५ पैकी ९२, तिसऱ्यातल्या ७०६ पैकी २२८ आणि कर्मचाऱ्यांतले २८६ जण वाचले असते. या झाल्या अपेक्षित वारंवारता. त्या काढण्याची रीत सर्वांना पाठ असते: आडव्या ओळीची बेरीज गुणिले उभ्या स्तंभाची बेरीज, भागिले एकूण संख्या. त्या रीतीचा अर्थ मात्र चिठ्ठ्यांमध्ये आहे, आणि तो एकदा मनात बसला की सूत्र विसरले तरी बिघडत नाही.

यानंतर प्रत्येक चौकटीत निरीक्षित आणि अपेक्षित संख्यांमधला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि त्याला अपेक्षित संख्येने भागायचे. वर्ग केल्यामुळे अधिक-उणे फरक एकमेकांना खाऊन टाकत नाहीत. अपेक्षित संख्येने भागण्याचे कारण असे की जिथे १०५ ची अपेक्षा होती तिथला ९८ चा फरक फार मोठा असतो, तर जिथे हजारोंची अपेक्षा असते तिथे तेवढाच फरक किरकोळ ठरतो. पहिल्या वर्गातल्या वाचलेल्यांच्या चौकटीतून ९१.५ येतात आणि त्याच वर्गातल्या मृतांच्या चौकटीतून ४३.७. दुसरा वर्ग दोन्ही चौकटी मिळून १०.८ देतो, तिसरा १६.२ आणि कर्मचारी २८.२. सगळ्यांची बेरीज १९०.४ होते, आणि हेच काय-वर्ग मूल्य. चार ओळी आणि दोन स्तंभ असल्याने स्वाधीनता मात्रा, म्हणजे बेरजा ठरलेल्या असताना मोकळ्या उरणाऱ्या चौकटी, तीन, आणि ०.०५ स्तरावरचे सारणी मूल्य, म्हणजे निव्वळ योगायोगाने शंभरातून पाचच वेळा ओलांडली जाणारी मर्यादा, ७.८१. त्यामुळे शून्य परिकल्पनेचा त्याग करावा लागतो, याबद्दल कोणाचेच दुमत असणार नाही.

आता या १९०.४ कडे जरा निरखून पाहावे. त्यातले १३५ हून अधिक एकट्या पहिल्या वर्गाचे आहेत, म्हणजे एकूण बेरजेच्या जवळजवळ ७१ टक्के वाटा ३२५ माणसांच्या एका ओळीतून आला आहे. प्रबंधात केवळ 'वर्ग आणि बचाव यांत सार्थक संबंध आढळला' असे लिहिले, तर वाचकाला चारही गट एकमेकांपासून सारखेच दूर आहेत असे वाटू शकते. कोणत्या चौकटीने किती भर घातली हे सांगायला एक ओळ पुरते. ती ओळ नसेल तर मी तो तक्ता अपुरा समजते. शिवाय हा आकडा माणसांच्या संख्येबरोबर वाढतो, हेही विसरता कामा नये. प्रमाणे तीच ठेवून माणसे दुप्पट केली, तर काय-वर्ग मूल्यही दुप्पट होते. त्यामुळे संबंध किती घट्ट आहे हे सांगण्यासाठी स्वीडिश गणिती हाराल्ड क्रामेर यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणांक वापरतात. आपल्या तक्त्यात काय-वर्ग मूल्याला एकूण संख्येने भागून वर्गमूळ घेतले की तो ०.२९ येतो. त्याच जहाजावरच्या माणसांची स्त्री आणि पुरुष अशी विभागणी केली, तर ४७० स्त्रियांपैकी ३४४ आणि १,७३१ पुरुषांपैकी ३६७ वाचले असे दिसते. तिथे काय-वर्ग मूल्य ४५६.९ आणि क्रामेर गुणांक ०.४६ निघतो. म्हणजे त्या रात्री जीव वाचण्याशी तिकिटाच्या वर्गापेक्षा स्त्री किंवा पुरुष असण्याचा संबंध अधिक घट्ट होता.

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूळ तक्त्यातल्या फक्त शेवटच्या दोन ओळी घेऊ. तिसऱ्या वर्गातले ७०६ पैकी १७८ वाचले, म्हणजे २५.२ टक्के. कर्मचाऱ्यांतले ८८५ पैकी २१२ वाचले, म्हणजे २४.० टक्के. या दोन बाय दोन तक्त्याचे काय-वर्ग मूल्य ०.३४ येते, तर एका स्वाधीनता मात्रेसाठी सारणी मूल्य ३.८४ असते. शून्य परिकल्पना नाकारण्याला काडीचाही आधार नाही. प्रबंधात इथे 'तिसऱ्या वर्गातील प्रवासी आणि कर्मचारी यांच्या बचावाच्या प्रमाणात सार्थक फरक आढळत नाही' असे वाक्य आले असते आणि परीक्षकांनीही ते मान्य केले असते.

पण या दोन ओळींमध्ये कोण कोण आहे ते पाहू. तिसऱ्या वर्गातल्या ७०६ जणांमध्ये १९६ स्त्रिया आणि मुली होत्या, म्हणजे जवळजवळ २८ टक्के. कर्मचाऱ्यांमध्ये ८८५ पैकी केवळ २३ स्त्रिया होत्या. ते प्रमाण तीन टक्क्यांच्याही खाली आहे. आणि होड्यांमध्ये आधी स्त्रिया व मुले घेतली जात होती. तेव्हा दोन्ही गटांतले पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळे काढून तुलना केली पाहिजे. तिसऱ्या वर्गातल्या ५१० पुरुषांपैकी, मुलगे धरून, ८८ वाचले. हे प्रमाण १७.३ टक्के. कर्मचाऱ्यांतल्या ८६२ पुरुषांपैकी १९२ वाचले. हे प्रमाण २२.३ टक्के. स्त्रियांमध्ये तिसऱ्या वर्गातल्या १९६ पैकी ९० वाचल्या, म्हणजे ४६ टक्के, तर कर्मचाऱ्यांतल्या २३ पैकी २० वाचल्या, म्हणजे ८७ टक्के. पुरुषांच्या तक्त्याचे काय-वर्ग मूल्य ४.९७ आणि स्त्रियांच्या तक्त्याचे १३.८७. दोन्ही ३.८४ च्या वर आहेत, आणि दोन्हींत कर्मचारीच पुढे आहेत.

पुरुष वेगळे पाहिले तर कर्मचारी अधिक वाचले, स्त्रिया वेगळ्या पाहिल्या तरी कर्मचारी अधिक वाचले, आणि सगळे एकत्र केले की तिसरा वर्ग किंचित पुढे जातो. यात आकडेमोडीची कुठलीही गफलत नाही. ज्या गटात स्त्रिया अधिक, त्या गटाचे एकत्रित प्रमाण त्या स्त्रियांमुळे वर जाते, इतकेच. संख्याशास्त्रात हा प्रकार सिम्प्सनचा विरोधाभास म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तो सहसा 'संबंध दिसतो पण तसा नसतो' अशा उदाहरणांतून शिकवला जातो. इथे उलट घडले आहे: संबंध होता आणि तो दिसत नव्हता. ०.३४ हा आकडा खोटे बोलला नाही. 'या दोन ओळींतली एकत्रित प्रमाणे चिठ्ठ्या वाटून पडली असती त्यापेक्षा वेगळी आहेत का' एवढेच त्याला विचारले होते आणि त्याने त्याचे खरे उत्तर दिले. 'समान परिस्थितीतल्या प्रवाशाला आणि कर्मचाऱ्याला वाचण्याची संधी समान होती का' हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता.

कर्मचारी पुढे का राहिले, याचा एक भाग सरळ आहे. होडी पाण्यात उतरवायला, वल्हवायला आणि सांभाळायला जाणकार हात लागत, म्हणून होड्यांमध्ये कर्मचारी पुरुष बसवले गेले. स्त्री कर्मचारी मुख्यतः प्रवाशांच्या सेवेत होत्या आणि त्यांनाही स्त्रिया म्हणून होड्यांत जागा मिळाली. हे कारण तक्त्यात कुठेही लिहिलेले नसते. ते जहाजाच्या कामकाजाच्या माहितीतून येते. म्हणूनच काय-वर्ग चाचणीत तिसरे चल कोणते घ्यायचे हे कोणतेही सॉफ्टवेअर सुचवू शकत नाही आणि विषय जाणणाऱ्या माणसालाच ते ठरवावे लागते.

पुरुषांच्या तक्त्यातले ४.९७ हे मूल्य आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये ही चाचणी मांडली, पण तक्त्यांच्या बाबतीत स्वाधीनता मात्रा कशी मोजावी हे त्यांना नीट साधले नव्हते. एकूण चौकटींतून एक वजा करावा, असे त्यांचे मत होते, म्हणजे दोन बाय दोन तक्त्याला तीन मात्रा. पटकी आणि विषमज्वर यांच्या लसीकरणाचे आकडे तपासताना मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांना १९१५ मध्ये यात काहीतरी जुळत नाही हे जाणवले, आणि १९२२ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी दाखवून दिले की ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा आपण माहितीतूनच घेतलेल्या असल्याने दोन बाय दोन तक्त्यात फक्त एकच चौकट मोकळी उरते. एका चौकटीत आकडा भरला की उरलेल्या तिन्ही आपोआप ठरतात. पिअर्सन यांनी ही दुरुस्ती मान्य केली नाही आणि त्यावरून बराच कडवट वाद झाला. आपल्या उदाहरणात हा वाद केवळ तात्त्विक राहत नाही. तीन मात्रा धरल्या तर सारणी मूल्य ७.८१ होते आणि ४.९७ त्याच्या खाली पडते. एक मात्रा धरली तर ते ३.८४ होते आणि ४.९७ त्याच्या वर जाते. फ्रँक येट्स यांनी १९३४ मध्ये सुचवलेली सातत्याची दुरुस्ती, म्हणजे फरक थोडा कमी धरण्याची सावधगिरी, लावली तरी मूल्य ४.६६ राहते, म्हणजे निष्कर्ष टिकतो.

लहान संख्यांविषयीचा नियम पुष्कळदा उलटा लक्षात ठेवला जातो, म्हणून त्याचा उल्लेख करते. चौकटीत पाचपेक्षा कमी संख्या असेल तर चाचणी लावू नये असे सांगितले जाते, पण ही अट अपेक्षित संख्येला आहे, निरीक्षित संख्येला नाही. पहिल्या वर्गातल्या १४५ स्त्रिया आणि मुलींपैकी फक्त चार मरण पावल्याची नोंद आहे. ही संख्या लहान आहे म्हणून चाचणी सोडून देणे चूक ठरेल, कारण सर्व स्त्रियांच्या प्रमाणानुसार तिथे सुमारे ३९ मृत्यू अपेक्षित होते. अपेक्षित ३९ आणि प्रत्यक्ष चार, यातच तर सगळी गोष्ट आहे.

याहून अवघड अट निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असण्याची आहे, आणि तिच्याकडे आपल्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. चिठ्ठ्या प्रत्येकाला वेगळ्या वाटल्या, असे चाचणी धरून चालते. टायटॅनिकवर तसे नव्हते. कुटुंबे एकत्र वाचली किंवा एकत्र बुडाली, आणि होडी सुटली ती डझनावारी माणसे घेऊन सुटली. जहाजाच्या डाव्या बाजूला अधिकारी लाइटॉलर यांनी पुरुषांना जवळजवळ पूर्णपणे रोखले, तर उजव्या बाजूला मर्डॉक यांनी जवळपास स्त्रिया नसतील तेव्हा पुरुषांनाही होडीत जाऊ दिले. म्हणजे एखादा पुरुष कोणत्या बाजूला उभा होता यावर पुष्कळ काही ठरले, आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघांचे नशीब सुटे राहिले नाही. अशा माहितीत प्रत्यक्ष पुरावा २,२०१ स्वतंत्र माणसांच्या पुराव्यापेक्षा कमी असतो. १९०.४ सारख्या आकड्याला त्याने धक्का बसत नाही, पण ४.९७ सारख्या काठावरच्या आकड्याबद्दल बोलताना मी आवाज खाली ठेवते. आपल्याकडच्या सर्वेक्षणांत हीच अडचण वेगळ्या रूपात येते: एकाच शाळेतल्या एकाच वर्गातली मुले किंवा एकाच घरातली माणसे सुटी सुटी मोजली जातात, आणि नमुना जेवढा दिसतो तेवढा मोठा नसतो.

वर्ग आणि बचाव यांचा संबंध पायरीपायरीने उतरत जातो, हा समजही तक्ता आणखी फोडला की टिकत नाही. फक्त प्रौढ पुरुष घेतले तर दुसऱ्या वर्गातल्या १६८ पैकी केवळ १४ वाचले, म्हणजे आठ टक्क्यांच्या थोडे वर. तिसऱ्या वर्गातल्या ४६२ पैकी ७५ वाचले, म्हणजे १६ टक्के. दुसऱ्या वर्गातल्या पुरुषांचे प्रमाण तिसऱ्याच्या जवळपास निम्मे आहे आणि या तुलनेचे काय-वर्ग मूल्य ६.३४ येते. मुलांमध्ये चित्र अगदी वेगळे आहे: अहवालाच्या मोजणीप्रमाणे दुसऱ्या वर्गातली सर्व २४ मुले वाचली, आणि तिसऱ्या वर्गातल्या ७९ पैकी फक्त २७.

तिसऱ्या वर्गातल्या प्रवाशांना अन्यायाने वागवले गेले, असा आरोप चौकशीपुढे आला होता. लॉर्ड मर्सी यांनी तो ग्राह्य धरला नाही. जहाज सोडण्याची नाखुशी, सामान टाकून जाण्याची तयारी नसणे आणि जहाजाच्या अगदी टोकांना असलेल्या त्यांच्या जागांतून त्यांना वर आणण्याची अडचण, अशी कारणे त्यांनी दिली. पहिल्या वर्गातल्या ९७ टक्के स्त्रिया आणि तिसऱ्या वर्गातल्या ४६ टक्के स्त्रिया यांच्यातला फरक योगायोगाचा नाही, हे काय-वर्ग चाचणी निःसंदिग्धपणे सांगते. पण तो फरक दाराशी अडवल्यामुळे पडला, की केबिनपासून होड्यांपर्यंतच्या लांब आणि अनोळखी वाटेमुळे, की इंग्रजी न समजणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांपर्यंत सूचना वेळेवर न पोचल्यामुळे, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी साक्षी वाचाव्या लागतात आणि डेकचे नकाशे उलगडून पाहावे लागतात. मर्सी यांची ती कारणे वाचताना, तिसऱ्या वर्गातल्या ७९ मुलांपैकी ५२ मुले परत आली नाहीत ही ओळ मी समोरून हलवत नाही.